मोबाइल कंपन्यांच्या विलीनीकरणाविरुद्धचा सरकारी दावा कसा वाचावा? एटी अँड टी आणि टी-मोबाइल प्रकरणावरून एक वाटाड्या

‘सरकारने सौदा रोखला’ असा मथळा अमेरिकेतल्या कंपन्यांबद्दल अधूनमधून वाचायला मिळतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. अमेरिकेच्या न्याय विभागाला दोन कंपन्यांचं विलीनीकरण स्वतःच्या सहीने थांबवता येत नाही. त्याला कोर्टात दावा लावून न्यायाधीशाकडून मनाई हुकूम मागावा लागतो. आपल्याकडे उलट आहे. भारतीय स्पर्धा आयोगाची मंजुरी आधी घ्यावी लागते, निर्णय आयोगच देतो आणि तो पटला नाही तर पक्षकार अपिलात जातात. हा फरक लक्षात न घेता अमेरिकन प्रकरण वाचायला घेतलं तर पुढचं सगळंच तिरकं दिसतं.

कायद्याचे विद्यार्थी, बातमीदारीत नवे असलेले, किंवा शेअर बाजारातल्या बातम्यांमागचं कारण समजून घ्यायचं असलेले वाचक यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण एकच घेतलंय: २०११ मध्ये एटी अँड टी कंपनीने टी-मोबाइल यूएसए विकत घ्यायचा केलेला प्रयत्न. प्रकरण जुनं आहे, पण शिकायला याहून सोयीचं मिळणार नाही. दाव्याची कागदपत्रं नेटकी आहेत, शेवट स्पष्ट आहे, आणि नंतर काय झालं तेही आता दिसतं.

पायरी १ : कोण, कोणाविरुद्ध, कुठे

अमेरिकेत मोबाइल कंपन्यांच्या मोठ्या विलीनीकरणाला दोन दारं पार करावी लागतात. पहिलं न्याय विभागाच्या अँटीट्रस्ट, म्हणजे मक्तेदारीविरोधी, शाखेचं आणि दुसरं फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचं, म्हणजे एफसीसीचं. मोठ्या सौद्याची आगाऊ सूचना १९७६ च्या हार्ट-स्कॉट-रॉडिनो कायद्याखाली द्यावी लागते, तर स्पेक्ट्रमचे, म्हणजे मोबाइल सेवेच्या लहरींचे, परवाने एका नावावरून दुसऱ्या नावावर करायचे तर एफसीसीची परवानगी लागते.

दोन्हींचे नियम वेगळे आहेत, आणि इथे नवखा वाचक हमखास घसरतो. न्याय विभाग १९१४ च्या क्लेटन कायद्याच्या कलम ७ खाली कोर्टात जातो. पुराव्याचा भार सरकारवर असतो. मात्र स्पर्धा कमी होणारच हे सिद्ध करावं लागत नाही, ती भरीव प्रमाणात कमी होण्याची वाजवी शक्यता दाखवली तरी पुरते. एफसीसीसमोर भार कंपन्यांवर असतो. हे हस्तांतर लोकहिताचं आहे हे त्यांनी पटवून द्यायचं. ते पटलं नाही तर एफसीसी अर्ज तडकाफडकी फेटाळत नाही, प्रशासकीय न्यायाधीशासमोर सुनावणीला पाठवते. अशी सुनावणी इतकी लांबते की बहुतेक सौदे तिथेच दम तोडतात.

म्हणून कुठलीही बातमी वाचताना पहिला प्रश्न हा: हे कोर्टात चाललंय की एफसीसीत? ‘सरकार’ हा शब्द दोन्हीकडे वापरला जातो आणि घोळ होतो.

नावांचाही घोळ आहे. ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध एटी अँड टी’ या नावाची प्रकरणं एकाहून जास्त आहेत. १९७४ मध्ये लावलेल्या दाव्यातून १ जानेवारी १९८४ रोजी जुनी बेल सिस्टिम, म्हणजे एटी अँड टीचं टेलिफोन साम्राज्य, फुटली. २०१७ चा दावा टाइम वॉर्नर या माध्यम कंपनीच्या खरेदीविरुद्ध होता. त्यात न्यायाधीश रिचर्ड लिऑन यांनी जून २०१८ मध्ये सरकारविरुद्ध निकाल दिला. आपण वाचतोय तो २०११ चा, वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयातला दावा क्रमांक ११-१५६०, न्यायाधीश एलेन सेगल ह्युवेल यांच्यासमोरचा. शोधताना वर्ष घालायला विसरू नका. एफसीसीची फाइल वेगळी, तिचा क्रमांक ११-६५.

पायरी २ : तारखा एका कागदावर उतरवा

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. या प्रकरणाच्या तारखा अशा:

२० मार्च २०११ : एटी अँड टीने जर्मनीच्या डॉइच टेलिकॉमकडून टी-मोबाइल यूएसए ३९ अब्ज डॉलरना घेत असल्याचं जाहीर केलं.
३१ ऑगस्ट : न्याय विभागाचा दावा.
१६ सप्टेंबर : न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासह सात राज्यं दाव्यात सामील.
२२ नोव्हेंबर : प्रकरण सुनावणीला पाठवण्याचा प्रस्ताव एफसीसीचे अध्यक्ष ज्युलियस जेनाकॉव्स्की यांनी सदस्यांपुढे ठेवला.
२४ नोव्हेंबर : कंपन्या एफसीसीमधला अर्ज मागे घेत असल्याचं जाहीर.
१९ डिसेंबर : सौदा सोडून दिल्याची घोषणा.

कोर्टात सुनावणीची तारीख होती १३ फेब्रुवारी २०१२. ती उजाडलीच नाही.

(जाता जाता एक योगायोग. भारतात व्होडाफोन आणि आयडियाचं विलीनीकरण जाहीर झालं २० मार्च २०१७ ला आणि पूर्ण झालं ३१ ऑगस्ट २०१८ ला. दिवस आणि महिने तेच. अर्थ काही नाही, पण तारखा पाठ करायला उपयोगी.)

पायरी ३ : बाजारपेठ कुठली, ते आधी शोधा

दाव्याची प्रत हातात आली की भूमिका आणि प्रस्तावना वगळून थेट बाजारपेठेच्या परिच्छेदांकडे जा. अशा प्रकरणात निम्मा निकाल तिथेच लागतो, असं माझं मत आहे. बाजारपेठ मोठी आखली तर कुठलीही कंपनी लहान दिसते, आणि लहान आखली तर शेजारचा दुकानदारही मक्तेदार ठरतो.

आखणी दोन अंगांनी होते. पहिलं अंग वस्तूचं. सरकारने इथे दोन बाजारपेठा मांडल्या: सर्वसाधारण मोबाइल सेवा, आणि मोठे उद्योग व सरकारी खाती यांना एकगठ्ठा विकली जाणारी मोबाइल सेवा. दुसरीकडे नवखे वाचक लक्षच देत नाहीत. पण देशभर कर्मचारी असलेल्या कंपनीला देशभर चालणारंच नेटवर्क लागतं, एखाद्या प्रांतापुरती सेवा देणारी स्वस्त कंपनी तिच्या कामाची नसते. म्हणजे या ग्राहकापुढे चारच पर्याय होते आणि सौद्यानंतर तीन उरणार होते.

दुसरं अंग भूगोलाचं, आणि खरी लढाई इथे झाली. एटी अँड टीचं म्हणणं होतं की स्पर्धा गावोगावी असते. देशातल्या २० सर्वांत मोठ्या स्थानिक बाजारांपैकी १८ मध्ये पाच किंवा जास्त कंपन्या सेवा देतात, मग स्पर्धा कमी कशी होईल? युक्तिवाद कच्चा नव्हता. माणूस मोबाइल सेवा घेतो ती तो राहतो, काम करतो तिथलीच. आपल्याकडे दूरसंचार परवाने सर्कलप्रमाणे आहेत, त्यामुळे हे पटकन समजतं: मुंबई वेगळं सर्कल, महाराष्ट्र-गोवा वेगळं, आणि एकात जोरात असलेली कंपनी दुसऱ्यात मागे असू शकते.

न्याय विभागाने त्याला दोन पातळ्यांवर उत्तर दिलं. स्थानिक पातळी नाकारली नाही. देशातल्या १०० सर्वांत मोठ्या स्थानिक बाजारांपैकी किमान ९७ मध्ये या दोन कंपन्या आमनेसामने आहेत, असं दाखवलं. पण दर, योजना, हँडसेट, जाहिराती हे सगळं मुख्यालयात देशभरासाठी एकदाच ठरतं. डॅलसमध्ये बसून ठरवलेला दर सिअ‍ॅटलच्या ग्राहकालाही तोच लागतो. म्हणून स्पर्धेचा परिणाम देशपातळीवरही बघितला पाहिजे, असं सरकार म्हणालं. आणि देशपातळीवर व्हेरायझन, एटी अँड टी, स्प्रिंट आणि टी-मोबाइल या चौघांकडे मिळून सुमारे ९० टक्के बाजार होता.

वाचताना समासात दोन रकाने करा, एकात सरकारची बाजारपेठ आणि दुसऱ्यात कंपनीची. पुढचा प्रत्येक आकडा कुठल्या रकान्यातला आहे ते तपासत जा. दोन्ही बाजूंचे आकडे बहुतेक वेळा खरे असतात. ते वेगवेगळ्या बाजारपेठांचे असतात, एवढंच.

पायरी ४ : एचएचआय हाताने काढा

हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक, म्हणजे एचएचआय, हे बाजार किती थोड्या हातांत एकवटलाय ते मोजायचं साधन. नाव भारदस्त आहे, पण गणित सातवीतलं. प्रत्येक कंपनीच्या टक्केवारीचा वर्ग करा आणि सगळ्यांची बेरीज घ्या.

सरावासाठी गोल आकडे घेऊ. चार कंपन्या: ३४, ३०, १८ आणि १२ टक्के. उरलेले ६ टक्के एकेक टक्क्याच्या सहा लहान कंपन्यांकडे.

वर्ग: १,१५६ + ९०० + ३२४ + १४४ + ६ = २,५३०.

आता ३० वाली कंपनी १२ वालीला घेते. नवी कंपनी ४२ टक्के, वर्ग १,७६४. जुने ९०० आणि १४४ गेले. फरक ७२० आणि नवी बेरीज ३,२५०. फरक काढायची सोपी रीत म्हणजे दोन्ही टक्केवाऱ्यांचा गुणाकार करून दुप्पट करा: ३० × १२ × २ = ७२०.

हे आकडे सरावाचे असले तरी खऱ्या प्रकरणापासून फार लांब नाहीत. दाव्यात सरकारने म्हटलं होतं की देशपातळीवर निर्देशांक सुमारे ७०० ने वाढून ३,१०० च्या वर जाईल. त्या वेळच्या, विलीनीकरणाबाबतच्या २०१० च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार निर्देशांक २,५०० च्या वर आणि वाढ २०० च्या वर असेल तर सौदा घातक असल्याचं गृहीत धरलं जायचं. इथे वाढ त्या रेषेच्या तिपटीहून जास्त.

एक धोक्याची सूचना. २०२३ मध्ये ही तत्त्वं बदलली आणि रेषा १,८०० व १०० वर आली. २०११ चं प्रकरण २०२३ च्या फूटपट्टीने मोजू नका. आणि ही तत्त्वं कायदा नव्हेत. न्यायाधीशावर ती बंधनकारक नाहीत, तो त्यांचा आधार घेऊ शकतो इतकंच.

गृहीतकाने खटला संपत नाही. १९९० च्या बेकर ह्यूज प्रकरणात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने क्रम घालून दिलाय. सरकारने आकड्यांवरून गृहीतक उभं करायचं, मग कंपन्यांनी आकडे फसवे का आहेत ते दाखवायचं, आणि ते जमलं तर पुन्हा सरकारने जादा पुरावा द्यायचा. शेवटचा भार सरकारवरच. हा निकाल क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिला आणि पीठावर रूथ बेडर गिन्सबर्ग होत्या. दोघंही नंतर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे क्वचितच एका बाजूला दिसले, पण या निकालात सोबत होते.

पायरी ५ : कंपनीचेच कागद शोधा

वकिलांचे युक्तिवाद नंतर वाचा. आधी कंपनीच्या अंतर्गत ईमेल आणि सादरीकरणांतून घेतलेले उतारे वाचा, कारण ते लिहिताना कोणाच्या मनात कोर्ट नसतं.

टी-मोबाइलने स्वतःच्या योजनेत आपलं वर्णन प्रस्थापित मोठ्यांना स्वस्त दरात आव्हान देणारी पहिल्या क्रमांकाची कंपनी, अशा अर्थाचं केलं होतं. एटी अँड टीच्या एका कर्मचाऱ्याने लिहून ठेवलं होतं की वेगवान एचएसपीए-प्लस फोन टी-मोबाइलने आधी आणले आणि वेगाच्या दाव्यात मागे पडू नये म्हणून आपण ते घेतले. पहिला अँड्रॉइड फोनही २००८ मध्ये टी-मोबाइलनेच बाजारात आणला होता.

हे कागद महत्त्वाचे ठरतात ते एटी अँड टीच्या एका दाव्यामुळे. टी-मोबाइल मुळात जवळची स्पर्धकच नाही, तिच्याकडे एलटीईचा, म्हणजे ४जी सेवेचा, धड मार्ग नाही, असं ती म्हणत होती. चौथ्या क्रमांकाची, ग्राहक गमावत चाललेली कंपनी, हे चित्र खोटंही नव्हतं. पण बारा टक्क्यांची कंपनी बाकीच्यांना दर खाली ठेवायला लावत असेल तर तिचं वजन बारा टक्क्यांहून जास्त असतं. एचएचआयमध्ये ही गोष्ट दिसत नाही, म्हणून कागद वाचायचे.

पायरी ६ : बचावाचे आकडे उलटून बघा

एटी अँड टीचा मुख्य बचाव स्पेक्ट्रमचा होता. आयफोन आल्यापासून तिच्या नेटवर्कवर डेटाचा ताण आला होता आणि टी-मोबाइलचे टॉवर व स्पेक्ट्रम मिळाले की ताण सुटेल, असं ती सांगत होती. शिवाय एलटीई सेवा ८० टक्क्यांऐवजी ९७ टक्के अमेरिकनांपर्यंत नेऊ, हे आश्वासन.

अशा आश्वासनासमोर एकच प्रश्न ठेवा: हे सौद्याशिवाय करता आलं नसतं का? कायद्यात फक्त सौद्यामुळेच मिळणारा फायदा मोजला जातो.

उत्तर अनपेक्षित वाटेने आलं. ऑगस्ट २०११ मध्ये एटी अँड टीच्या वकिलांचं एक पत्र गोपनीय भाग न झाकताच एफसीसीच्या संकेतस्थळावर काही वेळ झळकलं. त्यात दिसलं की ८० वरून ९७ टक्क्यांवर जायचा खर्च सुमारे ३.८ अब्ज डॉलर होता आणि तो परवडत नाही म्हणून कंपनीने आधी ते टाळलं होतं. जे काम ३.८ अब्जांत झालं असतं, त्यासाठी ३९ अब्जांची खरेदी! विरोधकांना याहून चांगला मुद्दा हवा तरी कशाला?

रोजगाराचं आश्वासनही असंच तपासा. ३१ ऑगस्टच्या सकाळी एटी अँड टीने परदेशात गेलेल्या कॉल सेंटरच्या ५,००० नोकऱ्या सौद्यानंतर अमेरिकेत परत आणू असं जाहीर केलं, आणि काही तासांत न्याय विभागाचा दावा दाखल झाला. पुढे एफसीसीच्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या विश्लेषणात निष्कर्ष उलटा निघाला: सौद्याने नोकऱ्या घटतील. अर्ज मागे घेतला गेला असतानाही एफसीसीने ते विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यावर एटी अँड टी चिडली, आणि तिचा राग अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. ज्या अहवालावर आयोगाने मतदानच केलं नाही तो जगजाहीर करणं जरा विचित्रच. वाचणाऱ्यासाठी मात्र तो खजिना आहे.

पायरी ७ : शेजारचे दावे

स्प्रिंट आणि सेल्युलर साउथ या प्रतिस्पर्ध्यांनीही वेगळे दावे लावले होते. ते वाचताना एवढंच बघा की प्रतिस्पर्ध्याचं नुकसान आणि स्पर्धेचं नुकसान कोर्टाने वेगळं काढलंय. २ नोव्हेंबरच्या आदेशात न्यायाधीश ह्युवेल यांनी त्यांच्या बहुतेक तक्रारी काढून टाकल्या. हँडसेट मिळण्यात अडथळा येईल ही तक्रार राहिली, आणि सेल्युलर साउथची रोमिंगबद्दलचीही.

पायरी ८ : निकाल नसेल तर शेवट घड्याळात शोधा

या प्रकरणात निकालपत्र नाहीच. मग सौदा कशाने मेला?

अर्ज मागे घेऊन कंपन्यांना आधी कोर्टात जिंकायचं होतं आणि मग एफसीसीकडे परतायचं होतं. ही चाल त्यांच्यावरच उलटली. डिसेंबरमध्ये न्याय विभागाने विचारलं की परवान्यांचा अर्जच नसेल तर हा सौदा प्रत्यक्षात आहे कुठे, आणि कोर्टाने घाईने सुनावणी का घ्यावी? न्यायाधीशांनाही शंका आली. दोन्ही बाजूंनी कामकाज थांबवायची विनंती केली, आणि आठवडाभरात एटी अँड टीने हात टेकले.

सौद्याचा करार वाचत असाल तर मोडल्यास काय द्यायचं हे कलम आधी बघा. इथे ते जबर होतं: ३ अब्ज डॉलर रोख, शिवाय स्पेक्ट्रम आणि दीर्घ मुदतीचा रोमिंग करार. एटी अँड टीने ताळेबंदात ४ अब्जांचा फटका दाखवला. ज्या टी-मोबाइलला पुढचा मार्गच नाही असं सांगितलं जात होतं, तिला स्पर्धकाच्या खिशातून पैसा आणि लहरी मिळाल्या.

पायरी ९ : पुढची वर्षं वाचा, पण घाईने निष्कर्ष काढू नका

२०१३ मध्ये टी-मोबाइलने मेट्रोपीसीएस या लहान मोबाइल कंपनीला सामावून घेतलं आणि त्याच वर्षी दोन वर्षांच्या सक्तीच्या करारांना सोडचिठ्ठी दिली. बाकीच्यांना हळूहळू तिच्यामागे जावं लागलं. दाव्यात वर्तवलेलं भाकीत खरं ठरलं असं म्हणायचा मोह होतो. मलाही होतो. पण टी-मोबाइलच्या यशात मोडलेल्या सौद्यातून मिळालेल्या स्पेक्ट्रमचा आणि मेट्रोपीसीएसचाही वाटा आहे.

लगेच यानंतर दुसरं प्रकरण वाचा, म्हणजे तोल राहील. एप्रिल २०१८ मध्ये टी-मोबाइल आणि स्प्रिंट यांनी एकत्र यायचं ठरवलं. चाराचे तीन होणार, प्रश्न तोच. या वेळी न्याय विभागाने जुलै २०१९ मध्ये तडजोड केली: स्प्रिंटचा बूस्ट हा प्रीपेड व्यवसाय आणि काही स्पेक्ट्रम डिश या उपग्रह टीव्ही कंपनीला विकायचा, म्हणजे डिश चौथी कंपनी म्हणून उभी राहील. राज्यांना हे पटलं नाही. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाच्या पुढाकाराने त्यांनी स्वतःच दावा लावला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायाधीश व्हिक्टर मरेरो यांच्यासमोर ते हरले. स्प्रिंट खंगत चाललीय, टी-मोबाइल आपला आक्रमक स्वभाव सोडणार नाही आणि डिश खरोखर उतरेल, हे न्यायाधीशांनी मान्य केलं. आकड्यांचं गृहीतक राज्यांच्या बाजूने होतं, तरी ते पुरलं नाही. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की पायरी ४ मधला क्रम प्रत्यक्षात कसा चालतो ते दिसतं.

ही गोष्ट अजून चालू आहे, म्हणून वाचन इथे थांबवू नका. जुलै २०२५ मध्ये टी-मोबाइलने यूएस सेल्युलर या प्रादेशिक मोबाइल कंपनीचा व्यवसाय घेण्याविरुद्ध न्याय विभागाने दावा लावला नाही, पण तीन मोठ्यांच्या हाती बाजार एकवटत असल्याची चिंता लेखी नोंदवली. ते निवेदन मिळवून वाचा. पुढच्याच महिन्यात डिशची मालक असलेल्या इकोस्टारने सुमारे २३ अब्ज डॉलरना स्पेक्ट्रम विकायचं ठरवलं आणि बूस्टचे ग्राहक मुख्यतः विकत घेणाऱ्याच्याच नेटवर्कवर चालवायची व्यवस्था केली. विकत घेणारी कंपनी होती एटी अँड टी. मरेरो यांच्या निकालातला डिशबद्दलचा भाग आता या कराराशेजारी ठेवून पुन्हा वाचायला हवा.